गिरजाईची पायली

सावळखेड (वलगावजवळ)
२० ऑगस्ट १९५९

चि. शकुन,

हे पत्र आपली वच्छला मास्तरीण वलगावच्या पोस्टात टाकेल. तू उत्तर पाठवशील ते तिच्याच नावाने, तिच्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी पाठवू नकोस. मागचे तुझे पत्र चुलीत गेले. जाताना मला तेवढी सही दिसली. अक्षर तुझे अजून नीट आहे, बाकी मी काही वाचू शकले नाही.

बाबांचा राग उतरला का, असे तू वच्छलाला विचारलेस म्हणे. खोटे कशाला लिहू? तू अकोल्याला देवमनशी लग्न लावलेस हे कळले त्या दिवशी त्यांनी विहिरीवर जाऊन तुझ्या नावाने अंघोळ केली. डोक्यावरून घागरभर पाणी ओतले आणि पोरगी मेली. मला म्हणाले, तूही कर. मी म्हटले, मला पडसे झाले आहे. दीड वर्ष होत आले, माझे पडसे काही जात नाही.

घरात सध्या मोठे काम निघाले आहे. आपल्या वावराच्या बांधावर, धुऱ्याच्या निंबाखाली शेंदराचे दोन दगड आहेत ना, रायाजी आणि गिरजाईची जोड, त्यांना पक्का ओटा बांधायचा आहे. गोष्ट तुला पाठच आहे. तापीकडून दोघे नवरा-बायको एका गाडीने निघाले, वाटेत एक बैल मेला, मग गिरजाईने जुवाला खांदा दिला आणि असे ते या काळ्या मातीत आले. इथला पहिला नांगर रायाजीचा. तर आता त्या जोडीपासून आपल्यापर्यंत सगळा वंश लावायचा, जेवढे भाऊबंद निघतील तेवढ्यांना दिवाळीनंतर बोलवायचे आणि भगवंत भाटाकडून ओट्यासमोर वंशावळ म्हणवून घ्यायची, असा बेत आहे. तुझे बाबा अंजनगावला जाऊन आले, बाळापूरला जाऊन आले. बाळापूरच्या एका म्हाताऱ्याने यांना तंबाखू मागितली, जेवू घातले आणि शेवटी सांगितले की आम्ही तुमच्यातले नाहीच. दोन दिवस त्याला शिव्या देत होते.

संध्याकाळी मला दौत-टाक घेऊन बसवतात. अंजनगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्याचा या घराला पहिल्यांदाच उपयोग झाला. सात पिढ्यांचे बाप्ये लिहून झाले. बाई एकच, गिरजाई. बाकीचे सगळे जणू कपाशीच्या बोंडातून फुटले. शेवटी यांचे नाव आले तेव्हा माझा हात थांबला. जे तोंडाने कधी घेतले नाही ते लिहायचे कसे? मग त्यांनीच टाक घेतला आणि वेडेवाकडे लिहिले.

त्या नावाखाली कोरी जागा आहे. तुझे दोघे भाऊ पाळण्यातच गेले, त्यांना कोण लिहिणार? त्या जागेकडे बघत ते बराच वेळ बसले होते. मी म्हटले, लेकीचे लिहू का? ते उठून गोठ्यात गेले.

जिवाला जप. देवमनला आशीर्वाद सांग, की सांगू नकोस, तुझे तू ठरव. मला अजून त्याचा थोडा राग आहे.

तुझी आई

---

२८ सप्टेंबर १९५९

चि. शकुन,

वच्छलाने पत्र हातात देण्याआधीच तिच्या तोंडावरून मी ओळखले. सहावा महिना लागला आणि आत्ता सांगतेस? पायावर सूज आहे हे तू शेवटच्या ओळीत लिहिलेस, सहज लिहिल्यासारखे. मी तीन बाळंतपणे काढली आहेत, पायावरची सूज सहज नसते. मीठ कमी कर. दवाखान्यात दाखव.

पहिले बाळंतपण माहेरचे, असे तू लिहिलेस, आणि पुढे लिहिलेस की मला घरी नाही येऊ दिले तर तू तरी ये. ते वाक्य मी परत परत वाचले. होय, मी बघते. पण माझ्या येण्यापेक्षा तुलाच इथे आणावे असे माझ्या मनात आहे. तुझ्या खोलीत, तुझ्या बाजेवर. त्याची एक वाट मला दिसली आहे, ती सांगते.

तुझ्या सासूला, जाईबाईला, मी भेटले. घाबरू नकोस, कोणी पाहिले नाही. ती धुऱ्यापलीकडच्या वावरात निंदायला आली होती, मी बैलांचा चारा पाहायला म्हणून गेले. ती निंबाच्या या बाजूला, मी त्या बाजूला. तुझी खुशाली तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे याचे मला वाईट वाटले. मग मी उगीच जोडीच्या ओट्याचे बोलले, सगळा वंश शोधून राहिले म्हटले. ती खुरपे खाली ठेवून म्हणाली, "सगळा कोठी शोधता बाई? थोरल्या पोराले त सोडून देल्लं तुमी."

मग तिने सांगितले ते असे. गिरजाईची लेकरे जगत नव्हती. या मातीत आल्यावर तीन गेली. चौथे झाले तेव्हा रीतीप्रमाणे त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवले आणि महारणीने उचलले. म्हणजे हे लेकरू आमचे नाही, मरणाने आमच्या घराकडे पाहू नये. नाव ठेवले उकंडा. पाचवी झाली की पायलीभर ज्वारी देऊन परत विकत घ्यायचे, अशी ती रीत. तुझ्या भावांच्या वेळी माझ्या सासूनेही केली होती, त्यांना परत आणले आणि ते गेले. पण गिरजाईने उकंड्याला परत आणलेच नाही. तिथे जगून राहिला आहे तर जगू द्या, घरी आणला तर मरेल, असे म्हणून आज-उद्या करत राहिली. पुढे तिला मोतीराम झाला आणि जगला. तोवर उकंडा चालायला लागला होता, त्या घरची भाकर खात होता. मग भाऊबंद म्हणाले, त्यांची भाकर खाल्लेला आता आपल्यात कसा घ्यायचा? मोतीरामाचा वंश आपण. उकंड्याचा वंश जाईबाईचे सासर. म्हणजे देवमन.

शकुन, दर अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी स्वतः पायलीभर ज्वारी मोजून त्या घरी पाठवत आले आहे. सासूने शिकवले होते, पायली सपाट करू नको, शीग लावून दे. का, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी समजत होते की बलुते आहे. ती त्या पोराची किंमत होती. गिरजाई दरसाल ती पाठवत राहिली आणि पोर आणायला कोणी गेले नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर जाईबाईने ती परत पाठवली तेव्हा तुझे बाबा किती बोलले होते, माजले म्हणाले. तिने मात्र तेव्हाही शांतपणे निरोप दिला होता की आता आम्ही कोणाचे घेत नाही.

आता माझा विचार ऐक. तुझे बाबा मूळ जोडीचे वेडे आहेत. माझे ऐकणार नाहीत, जाईबाईचे तर नाहीच नाही. पण भाट जोडीसमोर उभा राहिला आणि त्याला विचारले तर तो लपवत नाही, अशी त्याची बोली आहे. भाऊबंदांसमोर भाटाने सांगितले की देवमन रायाजीच्याच रक्ताचा, तर यांची मान खाली होईल आणि तुझे दार उघडेल. दिवाळी होऊ दे. तेवढी वाट पाहा.

डिंक आणि अळीव वच्छलाबरोबर पाठवते आहे.

तुझी आई

---

१० नोव्हेंबर १९५९

चि. शकुन,

अक्षर वाकडे आले तर समजून घे, उजवे मनगट दुखते आहे. पाट्यावर वाटताना वरवंटा निसटला. हळद लावली आहे.

ओटा झाला. भाऊबंद आले, तीस-चाळीस पाने उठली, पुरणपोळ्या करता करता माझी कंबर गेली. मग सगळे बाप्ये निंबाखाली बसले आणि आम्ही बाया गाडीच्या आडोशाला. भगवंत भाट आता फार म्हातारा झाला आहे, दोघांनी धरून त्याला उभे केले, पण तोंड उघडले की आवाज धुऱ्यापलीकडे जातो. त्याने तापीपासून सुरू केले. बैल मेला तिथे तुझे बाबा डोळे पुसत होते. खरे सांगते, मलाही भरून आले. तेवढ्यात तो म्हणाला, रायाजीचा मोतीराम, मोतीरामाचा अमका, आणि पुढे धावत सुटला.

मी पदर डोक्यावर घेतला आणि गाडीमागूनच विचारले, "भाटबुवा, गिरजाईचं थोरलं कोठी गेलं?"

सगळ्या माना गाडीकडे वळल्या. या गावात बाईने सभेत विचारण्याची पद्धत नाही. भाटाने माझ्याकडे पाहिले नाही. त्या दोन दगडांकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाला, "थोरला उकंडा. सुपात देल्ला, परत नाई घेतला. त्याचा वंश गावाच्या त्या आंगाले हाये. कोनी इचारत नाई म्हून मी म्हनत नाई."

अंजनगावचे भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा म्हणाला की माझ्या आजाकडून मीही ऐकले होते. म्हणजे सगळ्यांना माहीत होते, शकुन, आपण दोघीच येड्या. मला वाटले झाले, दार उघडले. मी तुझी खोली सारवायचेही मनात ठरवून टाकले.

तुझे बाबा उठले. मला तर वाटले होते की ते ओरडतील, पण आवाज अगदी हळू होता.

"परक्याच्या घरी गेली असती त नुसती जात गेली असती," ते म्हणाले. "आता थो आपलाच निंगाला, त भाऊ-बहिनीचं लगन झालं. दोन्हीकून मेलीच थे."

दोन-चार जणांनी माना हलवल्या. एकाच घराण्यात सोयरीक होत नाही, हे तर लहान पोरालाही ठाऊक आहे. मी एवढी चौथी शिकलेली, मला कसे सुचले नाही? नाते नाही म्हणून दार बंद होते, मी नाते शोधून आणले आणि त्याच नात्याने दाराला आडणा घातला.

भाटाला त्या दिवशी बिदागी दिली नाही. तो उपाशीच वलगावच्या वाटेने गेला. घरी आल्यावर मी पाट्यावर बसले आणि वरवंटा निसटला, ते वर लिहिलेच आहे.

आता वाट नाही पाहणार. मीच येते. मनगट जरा धरू लागले की निघते. तुझी सूज उतरली का, खरे लिही.

तुझी आई

---

१४ डिसेंबर १९५९

शकुन,

घाईत लिहिते आहे. वच्छला खिडकीशी उभी आहे, गजातून देईन.

माझे येणे थोडे लांबले. मागच्या दाराला हल्ली कुलूप असते, कुत्री शिरतात म्हणून. पुढच्या दाराशी तुझे बाबा कपाशीचे गाठोडे टाकून बसतात, यंदा चोऱ्या फार आहेत म्हणे. मला कशाचा त्रास नाही. खाते, पिते.

जाईबाई अकोल्याला निघाली हे कळले. माझ्या जिवाला बरे वाटले. तिच्या हाताने गावातली किती लेकरे जगात आली आहेत. कळा सुरू झाल्या की तिचा हात धर आणि तिला आई म्हण, लाजू नकोस. सूज चेहऱ्यावर आली तर लगेच दवाखान्यात ने म्हणावे, टांगा आधीच सांगून ठेवा म्हणावे. डोळ्यांपुढे अंधारी येते का, ते लिहिले नाहीस. लिहिले नाहीस म्हणजे येत असेल. तू माझ्यावरच गेली आहेस.

मला आता वाटते, सप्टेंबरातच पातळ गुंडाळून निघाले असते तर कोणी अडवलेही नसते. तू फक्त ये म्हटले होतेस. मी तुझी आई होते तेवढे पुरत नव्हते का, म्हणून सात पिढ्या गोळा करायला गेले.

येतेच मी.

आई

---

अकोला
९ जानेवारी १९६०

श्री. रामराव यांस,

तुमचे नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिले. वंशावळीत लिहिताना हात थांबला होता, आज थांबला नाही.

तुम्ही वाट पाहत असाल म्हणून कळवते. मी इथे पोहोचले तेव्हा शकुनला मसणात नेऊन झाले होते. झटके आले, दवाखान्यात नेईतो शुद्ध नव्हती. पोर जिवंत काढले. शुद्ध होती तोवर ती जाईबाईचा हात धरून होती, असे देवमन सांगतो. काय बोलली ते मी विचारले. आई येऊन राहिली का, एवढेच विचारत होती. जाईबाईने तिला सांगितले की गाडी बडनेऱ्याला पोहोचली आहे. ती खोटे बोलली, आणि त्यासाठी मी तिच्या पायांवर डोके ठेवले.

आपल्या दारात निरोप आला तो दिवस मी विसरणार नाही. पोरगी गेली हे ऐकून तुम्ही गाठोड्यावर बसूनच राहिलात. अंघोळ तर आधीच झाली होती तुमची. मुलगा आहे, जगला आहे, हे ऐकून उठलात. मागच्या दाराचे कुलूप काढलेत, स्वतः गाडी जुंपलीत, माझ्या मांडीवर नवे सूप ठेवले आणि पायलीभर ज्वारी, शीग लावून. म्हणालात, "गिरजाईनं नाई आनलं, तू आन. रीतीनं दे अन् घेऊन ये. आपलंच रगत हाये."

दिवाळीनंतर तेच रक्त भाऊ-बहिणीचे होते. पोरगा झाल्यावर ते आपले झाले. वलगावपर्यंत मी सूप मांडीवर धरून तुमच्या पाठीकडे पाहत बसले होते. तुम्ही बैलांना हाकत होता आणि मधूनच गुणगुणत होता. ओट्याचे गिलाव्याचे काम राहिले आहे, ते नातवाच्या नावाने करू म्हणालात. पोरीचे नाव एकदाही तुमच्या तोंडून आले नाही.

तरी मी सूप घेऊनच इथे आले, हे कबूल करते. मला लेकरू हवे होते. तिच्यासारखी हनुवटी आहे त्याची. मी जाईबाईसमोर सूप ठेवले, ज्वारी ठेवली, आणि तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तिने ज्वारीकडे पाहिले. मग म्हणाली, "बाई, पोरगी तडफडून राहिली होती, तवा कोनी पायली घेऊन नाई आलं."

तिने लेकरू माझ्या मांडीवर दिले. ती म्हणाली, "घ्याचं असन त तुमी घ्या, तुमचा हक्क हाये. पन इकत नाई देनार. आमी आता कोनाचं पोर इकत नाई अन् कोनाचं दान घेत नाई." तुम्ही म्हणता ते माजलेपण असेल तर मला त्यातले थोडे आयुष्यभर मिळायला हवे होते.

देवमन भिंतीकडे तोंड करून बसला होता. दिवसभर कचेरीत जातो आणि आला की तसाच बसतो. त्याचा राग मला आता उरला नाही. त्याच्याकडे राग करण्यासारखे काही शिल्लकच नाही.

लेकरू माझ्या मांडीवर झोपले होते. मी मनात धरून पाहिले. नेले तर काय होईल? तुम्ही भाऊबंदांना सांगाल की उकंड्याचे पोर परत आणले. वंशावळीतल्या त्या कोऱ्या जागेत त्याला लिहाल. त्याच्या बापाचे नाव गाळाल, आईचे गाळाल, जाईबाईला धुऱ्याच्या पलीकडून त्याच्याकडे पाहावे लागेल. कोणी विचारणार नाही म्हणून कोणी सांगणार नाही. आणि मी दर अखजीला पायली मोजत बसेन. नाही, रामराव. गिरजाईने लेकरू आणले नाही ते भीतीने. मी आणत नाही ते तुम्हाला ओळखते म्हणून.

त्याचे नाव धर्मपाल ठेवले आहे. उकंडा, दगडू, केरबा असली नावे या घरात आता ठेवत नाहीत. जगेल की नाही हे कोण सांगणार, पण मरणाला फसवायला त्याला उकिरड्यावर कोणी ठेवणार नाही. शेजारची एक बाळंतीण त्याला पाजते. रात्री मी घेऊन बसते.

तुमची ज्वारी परत पाठवणार होते. मग वाटले, ती एकट्या तुमची कुठे आहे? पेरताना ओटी बांधून मीही सरत्यामागे बी सोडत चालले आहे, खुडायलाही मीच होते. जाईबाईला म्हटले, हे दान नाही आणि किंमतही नाही, माझ्या हातचे पीक आहे. ती विचार करून बरे म्हणाली. तिच्या जात्यावर मी दळली, तिने भाकरी थापल्या. तिच्या चुलीशी बसून, तिच्या ताटात, तिच्या हातच्या दोन भाकरी मी खाल्ल्या. देवमनलाही बळेच अर्धी चारली. सूप इथे पाखडायला कामी येते आहे.

घराची रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांची भाकर खाल्लेल्याला आपल्यात परत घेता येत नाही. तेव्हा मला न्यायला गाडी जुंपू नका. माझ्या नावाने विहिरीवर जायचे तेवढे जा.

सुभद्रा